शनिवारची सभा

"उचलू का?"

कपिलधारच्या यात्रेत, पायऱ्यांच्या तळाशी कुणीतरी मला असं विचारलं आणि मी चक्क मागं वळून पाहिलं... दुसऱ्याच कुणाला विचारलं असेल म्हणून.

मला कुणी विचारत नाही. माझी चाकाची खुर्ची दिसली की चार माणसं पुढं येतात, "हं, धरा रे" म्हणतात आणि मी हवेत. चोवीस वर्षं हेच. जन्मापासून माझ्या कमरेखाली ताकद नाही, पाठीच्या कण्यातच दोष. लहानपणी अप्पा उचलायचे, मग काका, मग शेजारी, मग कुणीही. भलं करायला निघालेल्या माणसाला परवानगी कशाला लागते?

"तुमालाच विचारतोय, ताई." सावळा, उंच. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक आंधळा तरुण उभा होता. "न्हाई म्हणलात तर न्हाई उचलणार."

"मंग मी वर कशी जाणार?"

"न्हाई जायचं. मीबी इथंच बसतो. सीताफळं खाऊ."

शेजारी माझी आई उभी होती. जगदेवी तिचं नाव, आणि हसणं तिला फारसं जमत नसे. तीही त्या दिवशी फसकन हसली.

"उचला," मी म्हणाले. नुसतं 'उचला' म्हणताना गाल का तापले, देव जाणे.

वर पोचल्यावर, मन्मथस्वामींचं दर्शन झाल्यावर, मी त्याला नाव विचारलं.

"अभिमन्यू. मूळचा चकलांब्याचा. बीडात चर्चचं काम करतो."

"ख्रिस्ती... अन् नाव अभिमन्यू?"

"आज्ज्यानं ठेवलं. येशूनं अजून तरी हरकत घेतली न्हाई."

"अन् आमच्या यात्रेत कसे?"

"ह्या सुग्रीवला यात्रा बघायची होती."

"बघायची?"

"डोळ्यांनी दिसत न्हाई त्याला. पण तो बघायचीच म्हणतो." आणि तो सुग्रीवला तिथल्याच धबधब्याच्या तुषारांत घेऊन गेला. सुग्रीवनं दोन्ही हात पुढं पसरले. मी बघत राहिले... सुग्रीवकडं थोडं आणि त्याच्याकडं जास्त.

आमचं बीडच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. अप्पा गल्ल्यावर, आणि मी कोपऱ्यात, नाव टाकायच्या मशीनवर. लग्नाच्या ताटांवर, तांब्यांवर 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्याचं नाव. माझं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. फक्त घरी पाहुणे यायचे असले की मला त्या कोपऱ्यातूनही उठवून मागच्या खोलीत नेतात. धाकटी वर्षाराणी लग्नाची आहे. थोरली अशी आहे म्हटल्यावर धाकटीत काय निघेल, असं लोकांना वाटतं. अप्पा दार ओढून घेताना माझ्याकडं बघत नाहीत. मीही रागवत नाही. राग यायला माणसाला आधी काही मिळेल असं वाटावं लागतं.

यात्रेनंतर आठ दिवसांनी तो दुकानात आला. स्टीलचे नऊ ग्लास माझ्यासमोर मांडले.

"ह्यांच्यावर नावं टाकायची."

"सांगा."

"सुग्रीव... बबिता... संस्कृती..." त्यानं आठ नावं सांगितली. मी टाकत गेले. नववा ग्लास हातात घेतला.

"अन् ह्याच्यावर?"

"कावेरी."

सुई थांबली. मी मान वर केली नाही.

"ही कोण?"

"नीट माहीत न्हाई अजून. शनिवारी सभेला येती का, तेवढं बघायचंय."

"नाव कुणी सांगितलं तुमाला?"

"तुमच्या आईनं कपिलधारला सात वेळा हाक मारली. मोजली मी."

हजारो भांड्यांवर मी नावं टाकली होती. स्वतःचं पहिल्यांदाच टाकलं. 'री'ची वेलांटी हलली.

अप्पा तयार नव्हते. "चर्चात? कशापायी?" पण आई कधी नव्हे ते बोलली. "दर शनिवारी मी जाते संगं. पोरगी चार भिंतीत किती दिवस बसवायची?"

सभा चर्चच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. आम्ही नऊ जण, सगळे अठरा ते तिशीतले. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाची समज लहान राहिलेली. गाणी व्हायची. अभिमन्यू येशूची एखादी गोष्ट सांगायचा, मग छोटी प्रार्थना. आम्ही लिंगायत, माझ्या गळ्यात इष्टलिंग असतं. मी डोळे मिटून त्यावर हात ठेवायचे. तो कधी काही म्हणाला नाही. आणि मग गप्पा, नुसत्या गप्पा! बाजारात जाऊन स्वतःची चप्पल स्वतः कशी निवडायची, रिक्षावाल्याशी कसं भांडायचं. चोवीस वर्षांत मला कुणी भांडायला शिकवलं नव्हतं.

एका शनिवारी सगळे गेल्यावर मी विचारूनच टाकलं.

"एक विचारू? मी तुमच्या धर्मात यावं असं वाटतं का तुमाला?"

तो सतरंजी गुंडाळत होता. थांबला.

"वाटतं," तो म्हणाला. "खोटं कावून बोलू? मला ज्यानं हात दिला, त्यानं सगळ्यांना द्यावा वाटतं. पण वाटणं येगळं अन् मागणं येगळं. मी कधी मागणार न्हाई."

"अन् मी कधीच आले न्हाई तर?"

"तर सतरंजी अशीच गुंडाळायची. पुढच्या शनिवारी परत अंथरायची."

मी हसले. तो हसला नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "थंडी वाढलीय कावेरी, शाल आणत जा."

"ताई म्हणायचं विसरलात."

"विसरलो न्हाई..." त्याचे कान लाल झाले. "सोडलं."

त्याच्या मनात मोठं काम होतं. बीडात आम्ही नऊच, पण गावोगावी आमच्यासारखे कितीतरी, गोठ्याशेजारच्या खोल्यांमध्ये बसलेले. त्यांची एक सभा चकलांब्याला भरवायची, त्याच्या स्वतःच्या गावी. त्यासाठी जागा हवी आणि गावाचा होकार हवा.

"मी गेलो की लोक म्हणतात, चर्चवाला आला," तो म्हणाला. "तू चल. तुझं ऐकतील."

मग मी जाऊ लागले. चर्चची जुनी व्हॅन, मागच्या सीटवर आई, पुढं मी, आणि चालवायला तो. घरोघर जायचो. कुणी पाणी द्यायचं, कुणी ओट्यावरूनच परत पाठवायचं. "आमच्यात न्हाई बा तसलं कुणी," एक बाई म्हणाली, आणि तिच्या पाठीमागं, पडद्याआडून, कुणीतरी ओरडत होतं.

छबुबाईंनी मात्र दार उघडलं. त्यांची बबिता बावीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, बोलणं मोजकं. ती आधीपासूनच एसटीनं दर शनिवारी बीडच्या सभेला यायची. "माजी पोर शुक्रवारपासनंच येणी घालून बसती," छबुबाई सांगत फिरायच्या. "अजून काय पुरावा पायजे तुमाला?" महिनाभर त्या आमच्यासोबत उन्हातान्हात फिरल्या. नवाचे आम्ही चौदा झालो.

जानेवारीत एकदा परतताना अवकाळी भुरभुर सुरू झाली. आई मागं झोपलेली. काचेवर थेंब आणि वायपरचा खरखर आवाज. ओल्या तुरीचा वास आत येत होता.

"काच लावू?" त्यानं विचारलं.

"नको... असू द्या."

"भिजशील."

"भिजू द्या की. मला कधी कुणी भिजू दिलंय?"

त्यानं गाडी कडेला घेतली. माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि काही न बोलता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मी हात बाहेर काढला. पाऊस माझ्या तळहातावर पडत होता आणि तो माझ्या तळहाताकडं बघत होता. पाच मिनिटं असतील. माझ्या आयुष्यातली एवढी पाचच मिनिटं पूर्ण माझी आहेत.

फेब्रुवारीत गाव तयार झाल्यासारखं वाटलं. मोहनराव म्हणजे चकलांब्यातले मोठे बागाईतदार, राजकारणातलं वजनदार माणूस. "शनिवारचा माझा हॉल घ्या," ते म्हणाले. "पण गावासमोर एकदा बसू. चार लोकांचं ऐकू."

बैठकीला दीडएकशे माणूस होतं. पहिल्यांदा मी बोलले. मी म्हणाले, "मी ईश्वरप्पांची पोरगी. माझ्या गळ्यात लिंग हाय, सकाळी पूजा करूनच मी निघते. चर्चात मला कुणी ते काढ म्हणलं न्हाई. तिथं मला एवढंच विचारलं, तुला काय पायजे. तुमच्या घरातल्या पोरीला हे कधी विचारलंय का?" बायकांच्या बाजूनं कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. छबुबाईंनी बबिताला उभं केलं. बबितानं गाणं म्हटलं, अर्धं विसरली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी अभिमन्यूकडं बघितलं. त्यानं हळूच मान हलवली... झालं, अशी.

मग मोहनराव उठले. आवाज गोडच होता.

"सगळं बेस हाय. एकच विचारतो, अभिमन्यू, तू गावचाच. आमची पोरं ख्रिस्ती व्हावीत, असं वाटतं का तुला?"

पंख्यांचा आवाज तेवढा. मला कळलं, आता काय होणार. मी त्याच्याकडं बघून मान हलवली. नको... नको ना... एकदाच.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नजर खाली घातली, मग वर केली.

"वाटतं," तो म्हणाला. "पण मी कुणाला म्हणलो न्हाई, अन् म्हणणारबी—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. खुर्च्या सरकल्या. "बघा, कबूल केलं!" कुणीतरी ओरडलं. दोन-चार तरुण अंगावर धावले. मोहनरावांनी त्यांना आवरलं, पण हॉलचं बोलणं तिथंच संपलं. "मला गावात राहायचंय," ते मला म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तेच जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत, कुणीतरी मोबाइलवर टिपलेलं ते सहा सेकंदांचं दृश्य फोनाफोनावर फिरलं. "व्हावीत असं वाटतं का?" "वाटतं." बस, एवढंच. पुढच्या शनिवारी चौदांतले पाच आले, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. सुग्रीवला त्याच्या भावानं मामाच्या गावी नेऊन ठेवलं. संस्कृतीच्या घराला बाहेरून कुलूप होतं आणि ती आत होती. मला खिडकीतून तिची सावली दिसली.

वर्षाराणीला बघून गेलेल्या लोकांनी निरोप पाठवला, आमचं जमणार नाही. त्या दिवशी ती माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "अक्का, मी तुला काई म्हणत न्हाई." त्यापेक्षा तिनं काहीतरी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अभिमन्यू दुकानात आला तेव्हा अप्पा जेवायला गेलेले. दुपारची सामसूम. मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

"एकदा खोटं बोलता आलं नसतं का?"

"आलं असतं."

"मंग?"

"त्या चौदा घरांत मी दार वाजवून सांगितलंय, माझ्यावर भरोसा ठेवा. अन् तू..." तो थांबला. "तू समोर बसलेली. तुझ्यासमोर खोटं बोललो असतो, तर पुढं तुला जे सांगायचंय ते तू कसं खरं मानलं असतं?"

"काय सांगायचंय?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

"लग्न करशील माझ्याशी?" तो म्हणाला. "तुझं लिंग तुझ्या गळ्यात राहील. माझी प्रार्थना माझ्या ओठांवर. कीव म्हणून विचारत न्हाई मी. त्या पावसाच्या दिवशी मला गाडी पुढं न्यावीच वाटत नव्हती... म्हणून विचारतोय."

चोवीस वर्षांत मी हे वाक्य कधी स्वप्नातही ऐकलं नव्हतं. आमच्यासारख्या मुली स्वप्नंसुद्धा बेतानं बघतात. आणि ते वाक्य आलं तेव्हा मला पहिल्यांदा काय दिसलं? संस्कृतीच्या खिडकीतली सावली. आम्ही लग्न केलं तर जिल्हा म्हणणार, बघा, ह्याच्यासाठीच होतं सगळं. मग एकही दार कधी उघडणार नाही.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

अप्पांना कळलंच. त्यांनी आवाज चढवला नाही. दुकान बंद करून माझ्यासमोर स्टुलावर बसले, आणि किती वर्षांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"त्या सभेत गेल्यापासून तू बोलायला लागलीस. मला दिसत न्हाई असं न्हाई, पोरी. तुझी सभा माझ्या गोदामात भरव. दर शनिवारी मी स्वतः झाडून देतो. मी लोकांच्या घरी जातो, हात जोडतो. माझ्या शब्दावर पाठवतील." मग खाली बघून म्हणाले, "पण तो माणूस नको. तो इथनं गेला तरच."

चर्चचे पाळकसाहेब स्वतः अप्पांना भेटून गेले. म्हणाले, चर्चचं नाव नको असेल तर नसू द्या, मुलं घराबाहेर पडू देत. जालन्याच्या चर्चला माणूस हवाच होता, अभिमन्यूनं तिकडं जायचं. सगळं किती पटपट ठरलं. जणू सगळेच वाट बघत होते. फक्त माझा शब्द उरला होता.

एसटी स्टँडवर मी आईला म्हणाले, "जरा पाणी आण." आई माझ्याकडं बघत राहिली, मग गेली. पाणी माझ्या पिशवीत होतं, तिला माहीत होतं.

अभिमन्यू बॅग घेऊन उभा. दाढी वाढलेली.

"कसं चालवशील सभा?"

"तुमी चालवायचात तशीच. फक्त येशूचं नाव न्हाई घ्यायचं, असं ठरलंय."

"नाव न घेता बोलावलं तरी येतो तो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "कावेरी, एक शब्द बोल. बॅग खाली ठेवतो."

जालन्याची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. मी त्याची बाही धरली. मीच धरली, आपणहून.

"आवडता तुमी मला," मी म्हणाले. "लई आवडता. पहिल्या दिवसापासून. हे एवढं ऐकून जावा."

"मंग?"

"मंग काई न्हाई... जावा."

त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली नाहीत. तो तसाच उभा राहिला, कंडक्टरनं दोनदा घंटी मारेपर्यंत. मलाच सोडावी लागली.

गाडी वळली. खिडकीत तो दिसला, मग खिडकी दिसली, मग नुसता धूर.

पुढच्या शनिवारी अप्पांनी गोदाम झाडलं, पाणी शिंपडलं. आदल्या आठवड्यात ते खरोखर घरोघर गेले होते. ज्यांनी कधी कुणापुढं मान वाकवली नाही, त्यांनी हात जोडले होते. सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

तीन वाजले. साडेतीन. अप्पा रस्त्यावर जाऊन उभे राहिले, परत आले, परत गेले. चारला दारात छबुबाई दिसल्या, घामानं डबडबलेल्या, मागं बबिता. नवा फ्रॉक, दोन वेण्या.

"गाडी चुकली बाई. दुसऱ्या गाडीनं आलो." छबुबाईंनी गोदामभर नजर फिरवली. "बाकीचे?"

अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. ज्यासाठी मी त्याची बाही सोडली होती, ते सगळं माझ्यासमोर होतं... एक रिकामं गोदाम आणि एक मुलगी. वाटलं, आत्ता उठावं आणि जालन्याच्या गाडीमागं पळावं. मी, पळावं!

"सर?" बबितानं विचारलं.

"सर न्हाई येणार आता."

"उद्या?"

"उद्याबी न्हाई."

ती कोपऱ्यात अप्पांनी रचून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांकडं गेली. एक ओढून आणली, गोलात ठेवली. दुसरी आणली. तिसरी. ओठांतल्या ओठांत नावं घेत होती... सुग्रीव, संस्कृती...

"बबे, दोनच पुरे," छबुबाई म्हणाल्या.

तिनं ऐकलं नाही. फरशीवर खुर्च्यांचे पाय घासत होते, एकेक करून गोल भरत चालला होता. अप्पा वळून बघत होते. छबुबाई तिला अडवायला उठल्या.

"राहू द्या," मी म्हणाले. "लावू द्या तिला."